नाव शेवटी वाच

बाळ, जुना सॅक्सोफोन हाती आला की तुझी नजर थेट बेलवरच्या नक्षीकडे आणि तिथल्या नावाकडे जाते. ते नाव शेवटी वाच. आपण जयपुरात राहतो. पितळेवर कोरीव काम करणारे इतके सिद्धहस्त कारागीर ज्या शहरात आहेत, तिथे 'सेल्मर, पॅरिस' ही अक्षरं कोरून घ्यायला एक दुपार पुरते. आणि कोणी लबाडी केली नसली तरी नाव चकवतंच. अमेरिकेतले आणि युरोपातले मोठे कारखाने दुकानदारांच्या नावानेही वाद्यं बनवून देत. अशा वाद्याला स्टेन्सिल म्हणतात. बेलवर भलत्याच दुकानाचं नाव आणि खालची सगळी घडण कॉन या अमेरिकी कारखान्याची, असं पुष्कळदा निघतं. घडवणारा शोधायचा तर घडणच बघायला हवी.

सुरुवात भोकांपासून कर. पॅड उचलून भोकाची कड बोटाने चाचप. करंजीला मुरड घालावी तशी ती बाहेर वळलेली लागली, तर पहिलं नाव अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉनचं मनात आण. साधारण 1920पासून 1940च्या दशकापर्यंत कॉन आपल्या स्वतःच्या नावाच्या वाद्यांना ती कड देत असे. दुकानदारांसाठी बनवलेल्यांना सहसा सरळ कड. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नकोस, कारण वळलेली कड कायलवर्थच्या वाद्यांनाही असते. कड सरळ आहे, पण भोकाची कडी वेगळी करून नळीवर झाळलेली दिसते, बुडाशी सांधा आहे, तर मार्टिनचा विचार कर. सांधा नाही, कडा नळीतूनच ओढून काढल्या आहेत, तर मात्र अर्ध्या जगाचे कारखाने उरतात आणि पुढचा शोध चाव्यांवर घ्यावा लागतो.

चाव्यांमध्ये आधी बेलच्या सर्वांत खालच्या सुरांची झाकणं बघ. ती बेलच्या डाव्या अंगाला असली तर घडण जुन्या वळणाची. सेल्मरने 1936च्या 'बॅलन्स्ड अॅक्शन'मध्ये ती उजवीकडे नेली आणि पुढे बाकीच्यांनी तेच उचललं. म्हणजे कोणी डाव्या अंगाची झाकणं असलेलं वाद्य सेल्मरचा 'मार्क सिक्स' म्हणून पुढे केलं तर बोलणं तिथेच थांबव. मार्क सिक्स 1954चा. पॅडच्या मधोमध धातूचं दाबबटण असेल आणि पॅड त्यावरच अडकत असेल, तर ती ब्यूशरची खूण. कॉनच्या जुन्या आल्टोंच्या मानेवर माउथपीसच्या बाजूला सूर बारीक जुळवायची फिरती कडी असते. तीही बघून ठेव. पण मान बदललेली असू शकते. सेल्मरच्या जुन्या वाद्यांत मानेवरही क्रमांक असतो. तो अंगावरच्याशी जुळतो का, हे न विसरता पाहा.

आता आकडे. अनेक अमेरिकी वाद्यांवर, विशेषतः कॉनवर, '8 डिसेंबर 1914' ही तारीख आणि 1119954 हा आकडा ठोकलेला असतो. बाजारात 1914 हे बनल्याचं साल आणि तो आकडा वाद्याचा क्रमांक म्हणून खुशाल सांगतात. दोन्ही चूक. ते भोकं नळीतून ओढून काढण्याच्या रीतीचं पेटंट आहे. त्यावरून एवढंच कळतं, की वाद्य त्या तारखेनंतरचं आहे. खरा क्रमांक त्याच्याच आसपास, अंगठ्याच्या हुकाखाली असतो. सोबत एखादं अक्षर असतं: आल्टोला ए, टेनरला टी, आणि सी मेलडीला सी. ते सी दिसलं तर सावध राहा. 1920च्या दशकात अमेरिकेत घरोघरी गाजलेलं ते वाद्य आल्टो आणि टेनर यांच्या मधल्या मापाचं, आणि इथे सर्रास टेनर म्हणून खपवलं जातं.

क्रमांकाखाली एल आहे की एच, हे तर मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एल म्हणजे आजचा सूर. एच म्हणजे चढा सूर, आणि तो आपल्या भागात हमखास भेटतो. कारण ब्रिटिश पलटणींचे बँड 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरातच वाजत, त्यामुळे इथे आलेली त्या काळातली इंग्रजी वाद्यंही तशीच. वाद्यच मुळात आखूड असतं. माउथपीस बाहेर ओढलास तर एक सूर जुळतो आणि दुसरा बिघडतो. मोठ्या नावाचं, देखणं, चांदीचा मुलामा असलेलं वाद्य असलं तरी ते हार्मोनियमबरोबर वाजणार नाही. म्हणून ट्यूनर जवळ ठेव आणि वरचे, मधले, खालचे, सगळे सूर लावून बघ.

बँडवाल्यांकडच्या वाद्यांना दरवर्षी बफ मारलेला असतो, त्यात अक्षरं झिजतात. टॉर्च आडवा धर, सावलीत आकडे उठून दिसतात. नाहीच दिसले तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घास. पितांबरी, चिंच, लिंबू, काहीही लावू नकोस. आणि क्रमांक झिजून गुळगुळीत झालाय, पण बेलवरचं नाव मात्र धारदार आहे, असं दिसलं तर ते नाव बफनंतर आलेलं आहे.

कारखान्याचं नाव आणि देश कालखंडही सांगतात. बूझी आणि हॉक्स या दोन लंडनच्या पेढ्या 1930मध्ये एक झाल्या; जोडनाव असेल तर वाद्य त्यानंतरचं. 'जीडीआर' लिहिलं असेल तर 1949 ते 1990. पलटणीचा किंवा संस्थानाचा शिक्का मात्र मालकाचा, त्यावरचा आकडा मालकाच्या सामानाच्या यादीतला. तरी तो टिपून घे. जयपूर संस्थान 30 मार्च 1949ला राजस्थानात गेलं, म्हणजे संस्थानी शिक्क्याचं वाद्य त्याआधी इथे पोचलेलं होतं. दुरुस्तीचाही हिशेब ठेव: बँडच्या वाद्यांचे सुटे भाग मेरठहून येतात, तेव्हा एका वाद्यात दोन-तीन गावांचं काम सापडलं तर गोंधळू नकोस. मधली नळी कोणाची, यावर ओळख ठरव.

चौकशीला चातुर्मासात जा. लग्नसराईत बँडमास्तरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आषाढीनंतर वाद्यं खुंटीला असतात आणि माणसं निवांत बोलतात. 'मास्टरजी' म्हणून बस, वाद्य त्यांनाच उचलून देऊ दे, आणि ते कोणाच्या हातून आलं हे आधी विचार. आजोबांच्या पलटणीचं नाव ते सहज सांगून जातात, जे कुठल्या शिक्क्यावर नसतं. आणि ओळख पटली, चांगलं कॉन किंवा सेल्मर निघालं, तर ते आधी मास्टरजींना सांग. भावाचं बोलणं त्यानंतर.