डिफरन्शियलचं काम: घरी किती करायचं, मिस्त्रीकडं काय द्यायचं



तळ्याचं पाणी उतरलं की आपला माल निघतो, आणि नेमकं तेव्हाच आदिलाबादचं ऊन डोक्यावर असतं. सातनाला असो, मत्तडीवागू असो की पैनगंगेचा काठ, क्रेट भरून निघालेली गाडी वाटेत बंद पडली तर बर्फ थांबत नाही. गाडी दुरुस्त होते, पण त्या दिवशीचा मासा गेला तो गेलाच. म्हणून आज मागच्या डिफरन्शियलबद्दल बोलू. 'घरीच उघडू, मजुरी वाचेल' की 'मिस्त्रीलाच देऊ', हा प्रश्न सभासद नेहमी विचारतात.

आधी काम समजून घ्या

बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर आपापली सुटी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, काही अडत नाही. छोटा हाती किंवा पिकअपमध्ये मात्र एकच इंजिन मागची दोन्ही चाकं फिरवतं. जोर दोघांना द्यायचा आणि वळणावर वेग वेगवेगळा ठेवू द्यायचा, हे काम डिफरन्शियल करतं. पिनियन क्राऊनला फिरवतो, आणि आतले लहान स्टार गिअर दोन्ही एक्सलला जोर वाटून देतात.

यातच एक अडचण आहे. एक चाक चिखलात घसरलं की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. तळ्याच्या काठावर एक चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, ते यामुळं. अशा वेळी रेस वाढवत राहिलो तर स्टार गिअर तापून झिजतात. क्रेट उतरवा, चाकाखाली पोती किंवा फळी टाका, मग हळू काढा. 'स्टार गिअर वेल्डिंग करून टाका, दोन्ही चाकं फिरतील' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डांबरी रस्त्यावर वळताना टायर घासतील, एक्सलवर ताण येईल आणि भरलेली गाडी सरळ जायला बघेल.

मासेवाल्या गाडीचा खास शत्रू: पाणी

लांबून आलेली गाडी आपण तशीच मागं घेत पाण्यात उतरवतो. गरम हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. वरून क्रेटमधलं बर्फाचं पाणी रोज गळत असतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की बेरिंग गंजतात, दातांवरचा ऑइलचा थर टिकत नाही आणि क्राऊन-पिनियन वेळेआधी जातात.

हे घरी करा

1. गाडी सपाट जागेवर, थंड असताना ऑइल तपासा. भरायच्या भोकाच्या काठाला ऑइल लागलं पाहिजे.
2. ऑइल बदलताना आधी भरायचा बोल्ट ढिला करा, मग खालचा. वरचा निघालाच नाही तर रिकामं हाउसिंग घेऊन बसाल.
3. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते बदला, आणि पाणी कुठून गेलं तेही शोधा.
4. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर बघा. बारीक काळा लेप चालतो. तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर गाडी चालवू नका.
5. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच भरा. अशा हाउसिंगला सहसा जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. उरलेलं इंजिन ऑइल ओतू नका.
6. ब्रीदर साफ ठेवा, क्रॉसला ग्रीस द्या.

आवाज आला म्हणून लगेच हाउसिंग उघडू नका. गिअर टाकताना 'टक्क' होत असेल तर आधी क्रॉस बघा. सतत घरघर येत असेल तर चाकाचं बेरिंग बघा. जोर देताना वेगळा आणि पाय काढल्यावर वेगळा आवाज येत असेल, तर क्राऊन-पिनियनवर संशय घ्या.

हे मिस्त्रीला द्या

क्राऊन-पिनियन बसवणं म्हणजे नुसतं बोल्ट आवळणं नाही. पिनियन किती आत बसायचा ते शिम ठरवते. दातांमधली मोकळीक बऱ्याच गाड्यांत 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे वहीचे दोन कागद. नेमका आकडा पुस्तिकेतला. तो डायल गेजनं मोजतात, बेरिंगचा ताण बघतात, दातांना रंग लावून ठसा कुठं उमटतो ते तपासतात. हे अंदाजानं बसवलं तर नवी जोडीसुद्धा थोड्याच दिवसांत ओरडायला लागते. वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट पैसे मग पुन्हा सुट्या भागांत जातात.

तीनचाकी लगेज ऑटोत डिफरन्शियल बहुतेक गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. ते घरी उघडूच नका. वॉरंटीतली गाडीही बाहेर उघडू नका.

मधला मार्ग

ज्या गाडीत क्राऊनचा अख्खा गोळा पुढून सुटा होतो, तिथं हात बसलेल्या माणसानं तो काढून मिस्त्रीकडं न्यावा आणि सेटिंग झाल्यावर परत बसवावा. गाडी ओढून न्यायचा खर्च वाचतो. पण लक्षात ठेवा: मागचं एक चाक उचललं किंवा शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, एक्सलखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, पोरांना तर जवळ येऊ देऊ नका.

मिस्त्रीला हे विचारा

- क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदलणार ना? दोन्ही एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात.
- दात जुन्याइतकेच आहेत का? क्राऊनला 41 आणि पिनियनला 8 असतील तर नवीनही तसेच हवेत. नाहीतर गाडीची ओढ आणि वेग दोन्ही बदलतील.
- डायल गेज आहे का? रंगाचा ठसा दाखवाल का?
- सुटे भाग, मजुरी, ऑइल यांचं वेगवेगळं बिल आणि जुने भाग परत मिळतील का?

नवी जोडी बसवल्यावर सुरुवातीला भरगच्च माल लादू नका. पाचशे किलोमीटरच्या आसपास ऑइल एकदा बदला, म्हणजे सुरुवातीची झीज धुऊन निघेल.

थोडक्यात, स्वच्छता आणि देखरेख आपली, मोजमाप मिस्त्रीचं. मोठं काम काढायचंच असेल तर बीज सोडल्यानंतरच्या दिवसांत काढा. तेव्हा मासा वाढत असतो आणि गाडीला काम कमी असतं. तुमच्या गाडीच्या ऑइलचा रंग आज कसा आहे, ते बघून खाली जरूर लिहा.