सुई टोचतात तिथे मज्जारज्जू नसतो

प्रश्न : माझ्या बहिणीचं नुकतंच सिझेरियन झालं. तिला कंबरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती. ती पूर्ण शुद्धीवर होती, डॉक्टरांशी बोलत होती, हातही हलवत होती. पाय मात्र जागचे हलत नव्हते. आता घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, मणक्यात सुई घातली की कंबर जन्माची जाते. पाठीच्या कण्यातून तर मज्जारज्जू जातो ना? मग तिथे सुई टोचलेली चालते कशी? आणि पोट बधिर होतं, तर श्वास का थांबत नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर : कणा माकडहाडापर्यंत आहे म्हणजे त्यातला मज्जारज्जूही तिथवर पोचत असणार, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. मोठ्या माणसाचा कणा साधारण ७० सेंटिमीटर लांब असतो आणि मज्जारज्जू जेमतेम ४५. कवटीच्या तळातून निघालेला, करंगळीएवढ्या जाडीचा हा रज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी निमुळता होत संपतो. भूलतज्ज्ञ सुई घालतात ती त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या फटीत. कंबरेवर हात ठेवून उभे राहा. दोन्ही बाजूंना हात ज्या हाडांवर टेकतात, त्यांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा चौथ्या मणक्याजवळून जाते. डॉक्टर बोटांनी चाचपून आधी हीच रेषा शोधतात.

दोघांच्या लांबीत एवढा फरक पडतो तो वाढीच्या वेगामुळे. गर्भ तीन महिन्यांचा होईपर्यंत रज्जू कण्याच्या खालच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. पुढे हाडं झपाट्याने वाढतात, रज्जू त्या वेगाने वाढत नाही. जन्माच्या वेळी त्याचं टोक कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं आणि नंतर ते आणखी वर राहतं. तान्ह्या बाळाच्या पाठीतलं पाणी तपासायला काढताना जास्तच खालची फट निवडतात, ती यासाठी.

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात : मानेत ८, पाठीत १२, कंबरेत ५, त्रिकास्थीत ५ आणि माकडहाडाशी १. प्रत्येक नस आपापल्या ठरलेल्या फटीतूनच बाहेर पडते. मानेत उगम आणि फट जवळजवळ समोरासमोर असतात. खाली मात्र रज्जू वरच संपलेला, फट दूर. त्यामुळे नसांच्या मुळांना कण्याच्या आतून बरंच अंतर खाली उतरावं लागतं. या मुळांचा जुडगा पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात सुटा लोंबत असतो. शरीरशास्त्रात त्याला घोड्याच्या शेपटाचंच नाव आहे. सुई या द्रवात शिरते तेव्हा सुटी मुळं सहसा बाजूला सरतात. क्वचित एखाद्या मुळाला सुई लागली तर एका पायात वीज चमकल्यासारखी कळ जाते. ते लगेच सांगावं, डॉक्टर सुई मागे घेतात.

रज्जू वरच संपत असल्याने झाडावरून किंवा बांधकामावरून पडलेल्या माणसाचा कंबरेच्या लगेच वरचा, पाठीचा शेवटचा मणका मोडला, तरी निकामी होतात ते पाय आणि लघवीवरचा ताबा. पायांच्या आणि मूत्राशयाच्या नसांचे उगम त्या उंचीवर दाटीने बसलेले असतात.

आता भूल. दोन-अडीच मिलिलिटर औषध त्या द्रवात मिसळतं आणि मुळांना भिडतं. प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागच्या मुळातून स्पर्श, वेदना, थंड-गरम यांची खबर आत येते आणि पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम बाहेर जातो. ही वाटणी फ्रान्सच्या माझांदी यांनी १८२२ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट दाखवली. औषधाने दोन्ही मुळं बंद पडतात, पण एकाच वेळी नाही. रक्तवाहिन्यांचा ताण सांभाळणारे बारीक तंतू आधी, मग वेदनेचे, नंतर स्पर्शाचे आणि स्नायूंकडे जाणारे जाड तंतू साधारणपणे सर्वांत शेवटी. बहिणीला विचारून पाहा : आधी पाय ऊबदार वाटले असतील, मग जड झाले असतील, आणि बाळ काढताना पोटात ओढल्यासारखं जाणवलं असेल, पण दुखलं नसेल. रक्तवाहिन्या सैल पडल्याने रक्तदाब उतरतो, म्हणून सलाईन आणि औषध हाताशी तयार असतं.

श्वासाचा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर कंबरेत नसून मानेत आहे. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा. गर्भात तो मानेच्या पातळीवर तयार होऊ लागतो आणि खाली सरकताना आपली नसही सोबत आणतो. त्यामुळे मोठेपणीही त्याची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागांतूनच येते. सिझेरियनसाठी बधिरपणा स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत चढवावा लागतो. मान त्याच्याही बरीच वर असते. औषधात साखर घालून ते त्या द्रवापेक्षा जड केलेलं असतं, म्हणजे टेबल कलवून त्याची चढण आवरता येते. डॉक्टर थंड स्पिरिटचा बोळा पोटावरून वर वर फिरवत ‘गार लागतंय का?’ असं विचारत असतात, ते ही पातळी मोजण्यासाठी. बरगड्यांमधले स्नायू ढिले पडल्याने श्वास नीट लागत नाही असं काहींना वाटतं. पडदा मात्र आपलं काम करत असतो. शस्त्रक्रियेत काही बायकांचा खांदा दुखतो, त्याचं मूळही इथेच. पडद्याखाली रक्त किंवा हवा साचून तो चाळवला गेला, की ती वेदना मानेच्या त्याच भागांत पोचते जिथे खांद्याच्या त्वचेची खबर येते, आणि मेंदूला खांदा दुखल्यासारखं वाटतं.

ही भूल जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून शस्त्रक्रियेसाठी प्रथम वापरली. नंतर त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवर प्रयोग केला. पिचकारी सुईला नीट बसेना, बीअर यांच्या पाठीतला द्रव वाहून गेला आणि त्यांची भूल फसली. हिल्डेब्रांट यांच्यावर ती लागू पडली. त्यांच्या नडगीवर हातोडी मारली, मांडीत हाडापर्यंत सुई घातली, त्यांना वेदना झाली नाही. पुढचे कित्येक दिवस बीअर यांचं डोकं उठलं की दुखे आणि आडवं झालं की थांबे. सुईच्या भोकातून द्रव झिरपल्याने हे होतं. आजच्या सुया केसासारख्या बारीक आणि टोकाला पेन्सिलीच्या आकाराच्या असतात, त्यामुळे हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

राहिली कंबरदुखी. टोचलेली जागा चार-आठ दिवस ठणकते, हे खरं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेशी या सुईचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणले जातात आणि नंतर दिवसरात्र वाकून बाळाला पाजणं, उचलणं चालू राहतं. भूल न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर यामुळेच धरते. बहिणीला पाठीला उशी लावून पाजायला सांगा; बाळ वर घ्यावं, स्वतः खाली वाकू नये. सहा आठवड्यांनी डॉक्टरांना विचारून पोटाचे आणि पाठीचे व्यायाम सुरू करता येतात. मात्र पायातली ताकद कमी होत गेली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा पाठदुखीसोबत ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री तिला दवाखान्यात घेऊन जा.