दर्जाची दरी आणि आयुष्याची दोरी

गरिबीमुळे माणूस आजारी पडतो, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु अन्न, निवारा आणि औषधोपचार यांची सोय असतानाही केवळ खालच्या दर्जामुळे आयुष्य घटू शकते काय? लंडनमधील एका दीर्घ अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी दिले आहे.

१९६७ साली तेथील १७ हजारांहून अधिक पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची पाहणी सुरू झाली. ती ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून ओळखली जाते. यांपैकी कोणीही बेरोजगार नव्हता आणि १९४८ पासून ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा होती. तरीही शिपाई, द्वारपाल अशा सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्युदर सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. ही दरी केवळ दोन टोकांपुरती नव्हती. जसजशी पायरी खाली, तसतसे मृत्यूचे प्रमाण अधिक. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे जमेस धरूनही बराचसा फरक उरला.

१९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरी पाहणी सुरू झाली. तीत स्त्रियांचाही समावेश होता. आपल्या कामाविषयी निर्णय घेण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक, असे तीत दिसून आले. सततची अगतिकता मनात ताण निर्माण करते आणि दीर्घकाळचा ताण हृदय व रक्तवाहिन्यांना अपाय करतो. म्हणजेच, माणसाला भाकरीइतकीच प्रतिष्ठाही जगवते.

या दृष्टीने जकातीचा विचार करा. निसाबाइतकी संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा अडीच टक्के हिस्सा देणे अनिवार्य आहे. हा हिस्सा म्हणजे श्रीमंताची मेहेरबानी नव्हे, तर गरजवंताचा हक्क होय. दान देऊन उपकार बोलून दाखवण्यास आणि घेणाऱ्याचे मन दुखावण्यास कुरआनने मनाई केली आहे. गरज भागवताना माणसाचा मान राखणे, हा या शिकवणीचा गाभा आहे.

म्हणून जकातीचा हिशेब करताना आणखी काही प्रश्न स्वतःस विचारा. आपल्या दुकानात, शेतात किंवा घरात राबणाऱ्याला वेळेवर पुरेशी मजुरी मिळते काय? तो आपली अडचण निर्भयपणे सांगू शकतो काय? आपण त्याला सर्वांसमोर घालूनपाडून बोलतो काय? त्याचे आरोग्य या उत्तरांवरही अवलंबून आहे.