साथीच्या दिवसांत शेजारधर्म

गांवांत साथ शिरली म्हणजे रोग्यापासून अंतर राखणें आणि रोग्यास टाकून देणें ह्या दोन गोष्टी लोकांस एकच वाटूं लागतात. त्या एक नव्हेत. हा भेद उपदेशक बंधूंस मंडळींत समजावून सांगतां यावा म्हणून आम्ही हा पाठ देत आहों.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय पुष्कळ जण केवळ बहिष्काराचा नियम म्हणून वाचतात. परंतु त्यांतील विधि बारकाईनें पाहावा. अंगावर संशयास्पद चट्टा दिसला तर याजकानें त्या मनुष्यास सात दिवस वेगळें ठेवावें, सातव्या दिवशीं पुन्हा तपासावें, जरूर पडल्यास आणखी सात दिवस थांबावें. रोग ठरला तर तो असेपर्यंत छावणीबाहेर राहणें प्राप्त होतें; हें कठोर खरेंच. तथापि लागलीच पुढच्या अध्यायांत बरा झालेल्यास परत घेण्याचा विधि तितक्याच तपशिलानें दिला आहे. विलगीकरणास मुदत असते आणि त्याच्या शेवटीं परतीची वाट असते. बहिष्कारास दोन्ही नसतात.

आतां आपल्याच मुलखांतील एक साथ घेऊं. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्यानें प्लेग ओळखला. प्लेगचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, सन १८९४ मध्यें, हाँगकाँग येथें सांपडला होता. पण तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारें माणसांस लागतो हें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें सन १८९८ मध्यें दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. मध्यंतरीं संशय उंदरांवर न जातां माणसांवर गेला. पुण्यास सन १८९७ मध्यें गोऱ्या शिपायांकरवीं घरोघर झडत्या झाल्या, आणि लोकांनीं आपले आजारी लपविले. झडतीचें भय, छावणीचें भय, शेजाऱ्यांच्या जिभेचें भय! भयानें लपविलेला रोगी ना औषधास सांपडतो, ना त्याच्या घरचीं माणसें सावध होतात; म्हणून ज्या गांवांत निंदा फार, तेथें साथही फार दिवस राहते.

त्याच वर्षीं मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास सावित्रीबाई फुले ह्यांनीं पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत पोहोंचविलें. पुढें त्यांसही प्लेग झाला व ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. प्रत्येकानें असेंच करावें असें आम्ही म्हणत नाहीं. आज तोंडावर फडकें बांधून, हात धुऊन, अंतर राखूनही सेवा करतां येते. पण ज्या मुलास शिवणें कित्येकांस निरोगीपणींही विटाळ वाटे, त्यास त्यांनीं साथींत उचललें, हें विसरतां येत नाहीं.

एवढ्या काळांत विद्या वाढली. मनाची खोड मात्र गेली नाहीं. सन २०२० मध्यें कोविडच्या साथींत परिचारिकांस व डॉक्टरांस भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगण्यांत आलें. ईशान्येकडील बांधवांस केवळ चेहरेपट्टीवरून रोगाचें नांव घेऊन हिणविलें गेलें. मुसलमान भाजीवाल्यांस गल्लींत येऊं दिलें नाहीं. तबलिगी मेळाव्यास आलेल्या परदेशी पाहुण्यांवर खटले भरले गेले, आणि ता. २१ ऑगस्ट २०२० रोजीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें ते रद्द करतांना, ह्या लोकांस बळीचे बकरे केलें गेलें असें दिसतें, असा अभिप्राय दिला. मुंबई-पुण्याहून पायीं आलेल्या मजुरांपुढें त्यांच्याच गांवानें वाटेवर कांटे टाकले. मुंबईच्या प्लेगमुळें सन १८९७ मध्यें झालेला साथरोगांचा कायदा ता. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमानें दुरुस्त करावा लागला : आरोग्यसेवकावर हल्ला करणारास, किंवा राहत्या ठिकाणीं त्याचा छळ करणारासही, तीन महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद. शेजाऱ्यास छळूं नये हें सांगण्यास सरकारास वटहुकूम काढावा लागावा!

रोगाच्या नांवांतही दोष लपतो. सन १९१८ च्या तापास ‘स्पॅनिश’ म्हटलें गेलें तें स्पेनमध्यें तो उपजला म्हणून नव्हे. महायुद्धांत तो देश तटस्थ असून तेथील वर्तमानपत्रें मोकळेपणीं बातम्या छापीत, म्हणून. सन २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांस गांवांचीं, लोकांचीं वा प्राण्यांचीं नांवें देऊं नयेत असें ठरविलें. आपल्या बोलण्यांतही हेंच पाळावें. “अमक्यानें रोग आणला” असें न म्हणतां “अमक्यास रोग झाला” असें म्हणावें. एका क्रियापदानें मनुष्य आरोपी होतो, दुसऱ्यानें रोगी.

उपदेशकांनीं आणखी एवढें करावें. कोणास वेगळें ठेवण्याची पाळी आली तर डॉक्टरांस विचारून सुटकेची तारीख त्याच दिवशीं त्याच्या घरीं व मंडळींत सांगावी. तोंवर रोज दारांत धान्य, पाणी पोहोंचवावें, आणि दुरून कां होईना, नांवानें हांक मारावी. ठरलेल्या दिवशीं दोघे वडील त्याच्या घरीं जावेत, ओट्यावर बसावेत आणि त्या घरचा चहा प्यावा. गांव तें पाहीलच.