चाळीसची सुई, शंभरचं इन्सुलिन

आपल्याकडे केमिस्ट बाटलीतलं इन्सुलिन देतो ते बहुधा चाळीसचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं. त्याच्या सिरिंजला लाल टोपण. वर्षानुवर्षं आपण रेघा बघून टोचत असतो. बाटलीवर ४० लिहिलंय, हे कोण वाचतंय? ब्रिटनमध्ये मात्र मिळतं ते शंभरचं. तिथे मुलाकडे असताना माझी बाटली ओट्यावरून घरंगळली आणि फुटली. सोबत दुसरी होती, पण परतीपर्यंत पुरणारी नव्हती. तिकडे चिठ्ठीशिवाय इन्सुलिन मिळत नाही, म्हणून आधी डॉक्टर, मग औषधाचं दुकान. “सिरिंज आहेत माझ्याकडे,” म्हटल्यावर काउंटरपलीकडच्या बाईंनी एक दाखवायला सांगितली. लाल टोपण बघताच मान हलवली आणि नारिंगी टोपणवाल्यांचं पाकीट पुढे सरकवलं.

घरी येऊन मी हिशेब केला आणि हातपाय गार पडले. सकाळचा माझा डोस २० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. शंभरच्या बाटलीतून तेवढंच ओढलं तर ५० युनिट, अडीचपट! शुगर इतकी उतरली असती की शुद्ध राहिली असती की नाही कोण जाणे. उलट बाजूने, आपलं चाळीसचं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजने घेतलं तर वीसच्या रेघेला जेमतेम ८ युनिट जातात आणि शुगर चढत राहते. तेव्हा बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा जुळवल्याशिवाय टोचू नका. पेनमधलं इन्सुलिन सहसा इथेही शंभरचंच असतं. प्रवासापुरतं पेनवर जाता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं असेल तर महिनाभर आधी विचारा. बॅगा भरताना नवीन औषध सुरू करणं म्हणजे नसता उपद्व्याप.

मीटरचीही तीच गत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर मिलिमोलमध्ये मोजतात. तिथल्या मीटरवर १४ दिसलं की आपल्याला वाटतं, वा, किती छान! अठराने गुणा, २५२ होतात. तिथलं ३.९ म्हणजे आपलं ७०. त्याखाली गेलं की आधी साखर तोंडात, बाकी सगळं नंतर. ब्रिटनमध्ये एचबीएवनसीसुद्धा टक्क्यांत देत नाहीत. आपलं ७ टक्के तिथे ५३. मुलाच्या ओळखीतले एक काका रिपोर्टवर ५८ वाचून दिवसभर जेवले नाहीत. होतं साधारण साडेसात. (उपाशी राहून काय होणार होतं, हे त्यांनाच ठाऊक.) आपला मीटर आणि भरपूर पट्ट्या घरूनच न्या. आपल्या मीटरच्या पट्ट्या तिथे मिळतीलच असं नाही.

विमानात मी एक नियम पाळते: ट्रे समोर आल्याशिवाय टोचायचं नाही. जाताना ट्रॉली आमच्यापासून चार रांगांवर आली, विमान हलायला लागलं, पट्टे बांधायची सूचना झाली आणि ट्रॉली मागे गेली. शेजारच्या गृहस्थांनी तोवर इन्सुलिन घेतलेलं. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम, बोटं थरथरतायत, बोलणं तुटक. हवाई सुंदरीने चॉकलेट आणलं. पण चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माझ्या पर्समधल्या ग्लुकोजचे तीन चमचे पाण्यात कालवून दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला लावलं, तेव्हा कुठे ते माणसात आले. त्यांचं ग्लुकोज होतं, पण वरच्या कप्प्यातल्या बॅगेत. ते खिशात हवं, इमिग्रेशनच्या रांगेतसुद्धा.

घड्याळाचा प्रश्न वेगळा. मुंबईहून लंडनला जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो आणि येताना तेवढाच आखडतो. येताना दोन डोस एकमेकांच्या अंगावर येतात, ते जास्त धोक्याचं. कुठल्या वेळी किती, हे तिकीट दाखवून डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर औषधांची मूळ नावं आणि सुया जवळ बाळगण्याचं कारण इंग्रजीत असू द्या. सुरक्षा तपासणीत कामी येतं.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी फेकायचंच. फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नका. थंडीत घर गरम करणाऱ्या रेडिएटरजवळ पर्स टांगायची सवय सुनेने पहिल्या दिवशीच मोडली, ते बरं झालं.

विम्याच्या अर्जात मधुमेह लपवू नका. प्रीमियम वाढेल म्हणून गप्प बसणारे आमच्या सोसायटीतही आहेत. आधीपासूनच्या आजारासाठी कित्येक पॉलिसी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे देतात. ते बारीक अक्षरांतलं कलम सही करण्याआधी वाचा, चष्मा लावून.