बाटलीच्या दुधावर पारडी वाढवताना

जोगेश्वरी, गोरेगाव, भिवंडीच्या तबेल्यांत म्हैस व्याली की दुधाचा हिशेब त्याच दिवशी सुरू होतो; पारडाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पारडू पोटभर प्याले तर बाजारात दूध कमी जाते, म्हणून त्याला पान्हा सुटण्यापुरते लावून ओढून बांधतात. मग हगवण लागून कित्येक पारडे महिन्याच्या आतच मरतात. म्हैस आटली की ती विकायची आणि हरियाणा-गुजरातकडची दुसरी आणायची, अशी ही रीत. आज चांगल्या मुऱ्हा म्हशीला लाखाच्या वर रक्कम मोजावी लागते. अशा वेळी दुधाळ म्हशीची पारडी उपाशी मारणे हा उघड तोटा आहे, असे आमचे मत आहे. मुक्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

पारडू मेले की म्हैस पान्हा चोरते आणि धंदेवाला इंजेक्शनकडे वळतो. जनावराच्या प्रकृतीला अपाय होईल अशा रीतीने दुधासाठी इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिलारू म्हशीला पहिल्या दिवसापासून पारडाशिवाय पिळण्याची सवय लागू शकते. जुन्या म्हशी मात्र सहसा ऐकत नाहीत. त्यांना पारडू नुसते समोर बांधून पाहावे.

बाटलीच्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चीक. आईच्या पोटात असताना पारडाला रोगाविरुद्धची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती तासातासाला घटत जाऊन एका दिवसात संपते. म्हणून जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक पाजावा. वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या पारडाला ३ लिटर चीक पहिल्या दिवसात दोन-तीन वेळा मिळून गेला पाहिजे. वार पडण्याची वाट पाहू नये. चीक उकळू नये. उकळला की त्याचा खरवस होतो आणि गुण जातो. खरवसाला गिऱ्हाईक असते हे आम्हाला ठाऊक आहे, पण पारडाचे पोट भरून उरेल तोच चीक विकावा. नाळेला लगेच टिंक्चर आयोडीन लावावे.

बाटली पाजताना पारडू उभे असावे, मान किंचित वर. चोखताना त्याच्या पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. बांबूच्या नळीने किंवा तोंड उघडून जबरदस्तीने ओतले, तर दूध पहिल्या पोटात पडून नासते, नाहीतर फुप्फुसात जाऊन जनावर दगावते. बूच उलटे धरल्यावर थेंब थेंब पडला पाहिजे. घाई करून भोक मोठे करू नये. दूध धारोष्ण म्हणजे अंगाइतके कोमट असावे, वेळा ठरलेल्या असाव्यात, आणि बाटली व बूच दर वेळी गरम पाण्याने धुवावे. बऱ्याच हगवणी घाणेरड्या बुचातूनच येतात.

हगवण लागली तरी दूध अजिबात बंद करू नये. दोन दुधांच्या मध्ये मीठ-साखरेचे पाणी पाजावे. ते दुधात मिसळू नये. मातकट, घाण वासाची हगवण असेल तर जंताचा संशय घ्यावा. म्हशीच्या पारडांना हे जंत आईच्या दुधातूनच मिळतात, म्हणून दहाव्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत पशुवैद्याला विचारून जंताचे औषध द्यावे.

आता दूध तोडण्याचे. रोज ३ लिटरप्रमाणे दहा आठवड्यांचे सुमारे २०० लिटर होते. आपल्या बाजाराचा दर लावून पाहावा म्हणजे लवकर तोडण्याचा मोह का होतो ते कळेल. पण दूध वयावर तोडायचे नसते, खाण्यावर तोडायचे असते. पहिले पोट दाण्याने तयार होते, दुधाने नाही. त्यासाठी दुसऱ्या आठवड्यापासून दूध पाजल्यावर चिमूटभर खुराक तोंडात लावावा आणि स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे. दूध म्हणजे पाणी नव्हे. दहा किलो खुराकासाठी मक्याचा भरडा ५ किलो, शेंगदाणा पेंड ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम व मीठ १०० ग्रॅम घ्यावे. पेंड बुरशी लागलेली नसावी. सरकी आणि युरिया या वयात विषासारखे आहेत. पेंडवाला स्वस्त म्हणून सरकी पेंड गळ्यात मारतो, तिकडे लक्ष ठेवावे.

पारडी सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागली, की आधी संध्याकाळची बाटली कमी करत बंद करावी, मग सकाळची; सगळे मिळून आठ-दहा दिवस घ्यावेत. या आठवड्यात तिची जागा बदलू नये, शिंगे जाळू नयेत. खुराक कमी झाला तर दोन दिवस थांबावे.

नीट वाढवलेली पारडी तीन-साडेतीन वर्षांत विते; उपाशी वाढलेली चारच्या पुढे जाते. चार ते आठ महिन्यांच्या वयात तिला संसर्गजन्य गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्यावी. दारात एकच म्हैस असणाऱ्या कारागिराने सुरुवात एका पारडीपासून करावी. तबेल्यातून विकत घेणाराने मात्र भाव ठरवण्याआधी पारडीच्या आईचे दूध स्वतः मोजून पाहावे आणि पारडीला पहिल्या दिवशी चीक मिळाला होता का, हे विचारावे.