गाडीतलं ऑफिस : स्वस्त छोटा लॅपटॉप घ्यावा का?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी आमच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून बिल बनवताना दिसले असेन. चार्जिंगचा हिशोब तिथे फारच भरभर सांगून झाला, म्हणून तो इथे नीट लिहिते.

आधी माझी फजिती सांगते. उलव्यात माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्स, कागदी पिशव्या, डबे. आठवड्यातून दोन दिवस आम्ही व्हॅन घेऊन उरण आणि पनवेल बाजूला माल द्यायला जातो. नवरा गाडी चालवतो, ऑर्डर मी बघते. गेल्या मे महिन्यात एका केटररने कोटेशन मागितलं, चार वाजेपर्यंत हवं म्हणाला. बत्तीस हजारांची ऑर्डर होती. लॅपटॉप गाडीतच होता म्हणून मी निवांत. पण आम्ही माल उतरवत होतो तेव्हा गाडी अडीच तास उन्हात, काचा बंद. दीड वाजता लॅपटॉप हातात घेतला तर तव्यासारखा तापलेला. चालू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. रेटलिस्ट फक्त त्याच लॅपटॉपमध्ये होती. घरी येऊन कोटेशन पाठवेपर्यंत त्याने दुसऱ्याला ऑर्डर दिली होती.

चूक मशीनची नव्हती, माझी होती. त्या दिवशी दोन नियम केले. लॅपटॉप बंद गाडीत ठेवायचा नाही, दुकानात जाताना पाठीवरच्या बॅगेत. आणि रेटलिस्ट गूगल ड्राइव्हवर, म्हणजे मोबाईलवरही दिसते. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या आत त्याच्या खूप वर जातं, आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता सगळ्यात जास्त मारते.

आता मुख्य प्रश्न, घ्यायचा का? खरं सांगू? तुमचा धंदा दहा-बारा ओळींच्या बिलांचा आणि यूपीआयचा असेल, तर घेऊ नका. मोबाईल पुरतो, ते पैसे मालात घाला. पण चाळीस ओळींचं कोटेशन, टॅली, जीएसटीचं काम किंवा रस्त्यातच ई-वे बिल काढायची वेळ येत असेल, तर छोट्या स्क्रीनवर चुका होतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर एक लाखाच्या वर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर जात असेल तर पन्नास हजारांच्या वर. वाटेत टेम्पो बदलला तर त्यातला गाडी नंबर, म्हणजे पार्ट बी, बदलावा लागतो. हे मोबाईलवर होतं, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून अंगठ्याने एक आकडा चुकला की पुढे चेकिंगला उत्तरं तुम्हालाच द्यायची असतात.

छोटा स्वस्त लॅपटॉप ही कल्पना जुनी आहे. २००७ मध्ये असुसने सात इंची ई-पीसी आणला आणि 'नेटबुक' हा शब्द घरोघरी गेला. २०२३ मध्ये जिओबुक १६,४९९ रुपयांना आलं. ११.६ इंच, ९९० ग्रॅम, आत फोर-जी सिम. प्रवासाला वजन छान, पण ते जिओ ओएसवर चालतं. टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते तिथे बसणार नाही. घेण्याआधी दुकानदाराला 'टॅली चालेल का' हे विचारा. मागच्या बॅचच्या एका ताईंनी हे बॉक्स फोडल्यावर विचारलं.

विंडोज घेणार असाल तर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज यावर जाऊ नका. विंडोज ११ साठी तो किमान आकडा आहे, म्हणजे जेमतेम. दोन अपडेट आले की जागा संपते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघा, सेकंडहँड चालेल. हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप मात्र गाडीसाठी नको. आत चकती फिरत असते, आणि आपल्या रस्त्यांचे खड्डे तुम्हाला माहीतच आहेत.

आता चार्जिंग. लॅपटॉपच्या तळाशी किंवा बॅटरीवर 'डब्ल्यूएच' आकडा असतो. समजा ३८ आहे. बिलिंगसारख्या हलक्या कामाला सात-आठ वॅट जातात, म्हणजे पाच तास. बॅटरी जुनी असेल तर निम्मे धरा. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ डब्ल्यूएच. वाटेत गळती होऊन पन्नासच्या आसपास हातात येतात, म्हणजे एक चार्ज आणि थोडं वर. पण लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तरच. बरेच स्वस्त लॅपटॉप अजून गोल पिनचे असतात. दुकानात केबल लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचा पीडी कार चार्जर ४५ वॅट किंवा जास्तीचा घ्या. इन्व्हर्टर मी टाळते. तो १२ व्होल्टचे २३० करतो, मग लॅपटॉपचा चार्जर पुन्हा १९ वर आणतो, दोन्हीकडे वीज वाया जाते. मोठा टेम्पो किंवा ट्रक असेल तर तिथे २४ व्होल्ट असतात. चार्जरवर '१२-२४' छापलंय का ते वाचा, नाहीतर एका सेकंदात जळेल. आणि इंजिन बंद ठेवून दोन-तीन तास चार्जिंग करू नका. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासाची, म्हणजे ४२० डब्ल्यूएच. दोन तासांत त्यातला पाव हिस्सा जातो, आणि जुनी बॅटरी असेल तर गाडीला धक्का मारायची वेळ येते. हेही अनुभवाने!

चालवणाऱ्याने स्क्रीनला हात लावायचा नाही, कॉल आला तरी नाही. गाडी चालवताना हातात मोबाईल धरला तर कलम १८४ खाली पहिल्या वेळेलाच १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. लॅपटॉप मांडीवर ठेवला म्हणून कोणी माफ करणार नाही. मीसुद्धा चालत्या गाडीत टाइप करत नाही, खड्ड्यात आकडा बदलतो. गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटांत बिल, मग पुढे.

नेटसाठी मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. फक्त विंडोजमध्ये त्या वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा, नाहीतर अपडेटच दिवसाचा डेटा खातो. टॅली ऑफलाइन चालतं. गूगल शीट्समध्ये ऑफलाइनची सोय घरूनच चालू करून निघा, रस्त्यात नेट गेल्यावर ती चालू करता येत नाही.

लोकलने जाणाऱ्यांसाठी : जानेवारी २०२४ पर्यंत आपली गाडी खारकोपरलाच संपायची, आता उरणपर्यंत जाते. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा बसून काम होतं, पण लोकलमध्ये चार्जिंग पॉइंट नसतो, तेव्हा घरून पूर्ण चार्ज करून निघा. अटल सेतूने मुंबईला जाणार असाल तर २१.८ किलोमीटरमध्ये कुठेही थांबून बिल बनवायची सोय नाही, आणि पुलावर थांबायला बंदी आहे. कोटेशन पुलावर चढण्याआधी पाठवा. मी उलव्यातूनच पाठवून निघते.

पुढच्या व्हिडिओत गाडीत चालणारा छोटा थर्मल प्रिंटर दाखवते. त्याच्या रोलचे दर मी तीन ठिकाणी विचारलेत, फरक बराच आहे.